जेलोझिया

कोलंबस, ओहायो
९ ऑक्टोबर २००५

प्रिय आई, लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, थंडीही अजून सोसवतेय.

थीसिससाठी सध्या एक इटालियन कादंबरी वाचतेय. त्यातला माणूस खिडकीच्या पट्ट्यांआडून शेजारच्यांचा सुखी संसार बघतो आणि दोनशे पानं नुसता विचार करत बसतो! सर म्हणाले, इटालियनमध्ये मत्सराला आणि असल्या पट्ट्यांच्या खिडकीला एकच शब्द आहे, जेलोझिया. वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही.

मृणालवहिनी कशी आहे? माझ्या खोलीला तिने पिवळे पडदे लावले म्हणे. छानच. तिच्या पुरणपोळ्या माझ्यापेक्षा मऊ होतात, हेही दादाने आवर्जून कळवलं. होणारच! मला कधी लाटू दिल्यास तू?

तुझा गुडघा कसा आहे? तेल तीच चोळते ना? चोळू दे बापडी.

आणि हो, गेल्या रविवारी फोनवर तू मला चुकून ‘मृणाल’ म्हणालीस. तुझ्या लक्षातही आलं नाही. मी भांडणारच होते, पण इतक्या मायेने हाक मारलीस, की तिच्या नावाला मीच ओ दिली.

तुझीच,
केतकी