सुवर्णाचं चिकन

प्रिय अम्मी,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. हॉस्टेलवर होते तेव्हा तू म्हणायचीस, "पत्र कशाला, शनवारी येतीसच की!" आता शनिवारी भोरला येऊनही तू भेटत नाहीस, म्हणून लिहितेय.

परवा तुझा चाळिसावा दिवस झाला. पाहुणे गेले, मागून आणलेली पातेली परत गेली, आणि अब्बा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तू गेल्यापासून या माणसानं स्वतःहून काही खायला मागितलं नव्हतं. म्हणाले, "शानू, तुझ्या त्या वेल्ह्याच्या मैत्रिणीचं चिकन करशील का एकदा? सुवर्णाचं चिकन. तुझी अम्मी करायची तसं."

मी "हो" म्हटलं आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसले. काय करू, सांग!

तुला सगळं ठाऊक होतं. तरी मला एकदा पहिल्यापासून सांगू दे. तू होतीस तेव्हा माझ्या तोंडून ते कधी बाहेर पडलं नाही.

बारावीनंतर मला पुण्याला पाठवताना अब्बांनी एकच अट घातली होती. बाजारात त्यांचं चिकनचं दुकान, प्रत्येक कोंबडी बिस्मिल्ला म्हणून स्वतःच्या हातानं कापलेली. "भायेरचं चिकन-मटन खायाचं न्हाई. कुणी कापलं, कसं कापलं, आपल्याला काय ठावं? येवढं पाळ, बाकी शिक कितीबी. न्हाई पाळलंस तर पेटी घिऊन घरी." मी लगेच मान डोलावली. कोंबडीवाल्याची पोर मी, मला कोंबडीचं काय अप्रूप!

पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि वर्गातल्या मुली मला त्या काचेच्या भिंतींच्या हॉटेलात घेऊन गेल्या. कागदी बादलीत तळलेलं चिकन. मी नुसता एक घास घेणार होते. अम्मी, मी तो तुकडा हाडापर्यंत खाल्ला आणि वर दुसरा उचलला!

बरं, खाल्लं तर गप्प बसावं ना? शनिवारी घरी आले आणि तुझ्यापुढे माझी जीभ सुटली. वरून कुरकुरीत, आतून पांढरंशुभ्र, वास असा आणि चव तशी. तू पोळपाटावरून मान वर केलीस तेव्हा मी भानावर आले. "सुवर्णा सांगत होती," असं ठोकून दिलं. सुवर्णा माझ्याच खोलीत राहायची. शनिवारी आम्ही स्वारगेटहून एकदमच निघायचो, ती वेल्ह्याच्या एसटीत, मी भोरच्या. तिचं नाव तोंडाशी होतं, तेच वापरलं.

कुणी एखादा पदार्थ वाखाणला आणि तो तुला येत नसला की तुला चैन पडायचं नाही. "आसं काय आसतंय त्यात? इचार तिला. म्या करती."

पहिल्या खेपेला तू खोबरं, खसखस, गरम मसाला सगळं लावलंस. झालं आपलं लग्नातलं चिकन! मी म्हटलं, "सुवर्णा म्हणते, त्यात मसाला दिसतच नाही." तू कमरेवर हात ठेवलेस. "मसाला दिसंना आन् चव लागती? मंतर घालत्यात का काय?"

मग तू हट्टालाच पेटलीस. काळी मिरी गेली, मी पुण्याहून पांढरी मिरी आणली. लसणाच्या चकत्या पत्र्यावर वाळवून तू त्यांची पूड केलीस. ओव्याची पानं सावलीत सुकवलीस. चायनीजच्या गाडीवाल्याकडून ती त्यांची पांढरी पूड चिमूटभर मागून आणलीस. चिकन आदल्या दिवसापासून ताकात, वरून मैदा आणि तांदळाचं पीठ. तरी काहीतरी कमी पडत होतं, आणि काय कमी ते मला माहीत होतं. "सुवर्णा म्हणते, कातडीसकट असतं."

अब्बा केवढे वैतागले! "कातडं कोन खातंय? ती पोरगी हाय का मांजर?" पण पुढच्या शनिवारी गिऱ्हाईक यायच्या आधी गरम पाण्यात कोंबडी बुडवून एकेक बारीक पीस चिमटीनं काढत बसले होते. गरम पाण्यानं बोटं लाल झालेली. का? तर मुलीच्या मैत्रिणीला आवडतं म्हणून. ते बघताना मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

रविवारी तू डबा द्यायचीस. "हे सुवर्णाला. तिलाच चाखू दी." एसटी कापूरहोळला पोचायच्या आत मी डबा उघडलेला असायचा. आणि शनिवारी दारात चपला काढते न काढते तोच तुझा प्रश्न, "काय म्हणती मैत्रीण?" मी गंभीरपणे सांगायचे, "म्हणते, मीठ जरा पुढं आहे, मिरी मागं पडलीय."

मग ती ईद आली. सुवर्णाला ईदला घेऊन ये, असं तूच किती दिवस मागं लागली होतीस. मीच वेडी, तिला आधी काही सांगून ठेवलं नाही. वाटलं, शीरखुर्मा खाईल आणि जाईल. अब्बा गळाभेटीला मोहल्ल्यात गेलेले. तू ताट भरून तिच्यापुढे ठेवलंस. "घे बाई, तुझंच चिकन! तुझ्या सांगण्यावरनं शिकली म्या."

ती बिचारी पाय मागं घेऊन बसली. "काकू, आमच्या घरी समदे माळकरी. म्या तर अंडंबी खात न्हाई."

तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ पाहिलंस गं? मला तर ती ईद तिथंच संपली असं वाटलं. मग तू ताटावर दुसरं ताट पालथं घातलंस, आत नेलंस, हात धुतलेस आणि तिच्यासाठी वेगळ्या कढईत पुऱ्या तळल्यास. तिला वाढताना म्हणालीस, "माझीच चूक झाली बाळा. म्या भलतंच समजून बसली."

अब्बा परत आले तेव्हा मी दाराआड उभी होते. तू एक शब्द बोलली असतीस तर माझं कॉलेज त्याच दिवशी संपलं असतं. तू त्यांना शीरखुर्मा दिलास आणि म्हणालीस, "लई गुणाची पोरगी हाय सुवर्णा."

मी वाट बघत राहिले, की आता एकटीला गाठशील, कान धरशील. का नाही धरलास? मला रडून मोकळं तरी होता आलं असतं! पुढच्या शनिवारी मी चपला काढल्या आणि तू चुलीपुढूनच विचारलंस, "काय म्हणती मैत्रीण? ओवा जास्ती झाला का?" मी म्हटलं, "थोडा कमी चालेल." त्या दिवसापासून मी बाहेरच्या चिकनला हात लावला नाही. हे तरी तुला कळलं होतं का?

माझं शिक्षण झालं, लग्न झालं, आणि आपलं ते विचारणं चालूच राहिलं. शेवटच्या आजारपणात तुला घास जाईना, तरी उशीवरून विचारलंस, "मैत्रीण बरी हाय का गं?" तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बरी आहे." तू हसलीस. मला वाटलं, उद्या सांगेन.

काल एकदा करून पाहिलं. जमलं नाही. मग फळीवर तुझी कॉफीची बाटली सापडली, तळाशी दोन चमचे मसाला. बोटानं चाटला तर सुंठ! सुंठ कधी घातलीस? सुवर्णानं तर सुंठ सांगितली नव्हती! अम्मी, पुण्यातल्या त्या चिकनची चव आता मला आठवतही नाही. मला तुझंच हवं आहे.

उद्या जुम्मा. नमाजाहून आले की अब्बांपुढे ताट ठेवेन. ते तुझ्यासारखंच विचारणार, "काय म्हणती मैत्रीण?" तेव्हा सांगेन, "अब्बा, मैत्रिणीनं कधी चाखलंच नाही. पुण्यात ते खाल्लं होतं मी. तुमची अट मी मोडली." रागावतील, ताट सरकवतील, कदाचित उठूनही जातील. जाऊ देत. त्यांच्या त्या लाल बोटांपुढे मला आता खोटं बोलवत नाही.

पण एक कबूल करते. माझं सगळं सांगेन, तुझं नाही. "तुझ्या अम्मीला ठावं हुतं का?" असं त्यांनी विचारलं, तर मी ताटाकडे बघेन आणि म्हणेन, "नाही अब्बा. ती तर शेवटपर्यंत सुवर्णाचीच खुशाली विचारत होती."

तुझी,
खोटारडी शानू