दहाला दहा जुळत नाही तेव्हा

आबा, तुम्ही गेल्यानंतर सायकलींच्या मागच्या चाकाला दहा-दहा चक्र्या आल्या. मुठीजवळचा खटका दाबला की तार ठरावीक ओढली जाते आणि चाकाजवळचा डिरेलर साखळीला शेजारच्या चक्रीवर नेऊन ठेवतो. तुम्ही पाहिले असते, तर पहिल्याच खटक्याला उकिडवे बसून डोळा लावला असता.

मी आता बारामतीत यंत्रकाम शिकवतो. परवा लासुर्ण्याची माझी एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन वर्कशॉपमध्ये आली. उद्या, रविवारी, तिची शर्यत आहे, वाटेत घाट आहे. चढासाठी तिने मोठ्या चक्र्या बसवल्या आणि त्यांना पेलणारा, डोंगरी सायकलचा डिरेलर पुण्याहून आणला. तिचा खटका रस्त्यावरच्या सायकलचा, दहा गिअरचा. डिरेलरही दहाचाच. तरीही साखळी दोन चक्र्यांच्या मध्ये खडखडत राही.

"दुकानदारानं गंडवलं, दुसरं काय!" वडील म्हणाले. "आपलं धोतर बघून माल देत्यात ही मान्सं."

दहाचाच घे, असे तिला फोनवर मीच सांगितले होते. ती चक्र्यांकडे बघत राहिली. मी तारेचा ताण कमी-जास्त करू लागलो. एक चक्री जुळली की पुढची बिनसे.

तेवढ्यात मला आपले इंदापूरचे सायकलचे दुकान दिसू लागते. भिगवणच्या मासळीवाल्यांच्या सायकलला मी नवी साखळी चढवली आहे आणि पायडल दाबताच ती दातांवरून उडते आहे. मी चाक मागे ओढून साखळी ताणतो, पुन्हा ताणतो. "ताणून काय हुतंय?" तुम्ही गिऱ्हाइकांदेखत ओरडता. "नवरी कोरी आन् नवऱ्याचं दात झिजल्यालं. संसार हुईल व्हय?" मासळीवाले टोपली धरून हसतात. माझे कान तापतात. तुम्ही मात्र जुनी साखळी बारा इंची पट्टीवर पसरता. नव्या साखळीच्या चोवीस कड्या पट्टीइतक्याच भरतात; या पट्टीच्या पुढे गेल्या आहेत. "दोगं संगं झिजल्यात. आदी मोज, मग हात लाव."

मी ताण सोडला आणि मोजायला बसलो. एका खटक्याला तार किती सरकते आणि तेवढ्या तारेला डिरेलर किती सरकतो, या दोन मापांतून येणारे साखळीचे सरकणे दोन चक्र्यांमधल्या अंतराइतके भरले पाहिजे. सगळी गंमत एवढ्यातच आहे! हा नवा डिरेलर तितक्याच तारेला कमी सरकत होता. दहा हा केवळ चक्र्यांचा आकडा, सरकण्याचे माप नव्हे. मग वर्कशॉपच्या कपाटातून डोंगरी सायकलचा जुना, नऊ गिअरचा डिरेलर काढून मोजला. माप तंतोतंत भरले. नऊचा डिरेलर दहाच्या खटक्याला असा जुळला की साखळी आवाज न करता चढू-उतरू लागली. तिने आवारात चार फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक फेरीला हसली.

"सर, तुमी हुता म्हणून," वडिलांनी हात जोडले. "त्या चोरानं तर पोरीची शर्यत घालवली हुती."

मी ते हात जोडू दिले, आबा. ती तेव्हाही चक्र्यांकडेच बघत होती.

उद्या सकाळी, ती शर्यतीला निघण्याआधी, मी लासुर्ण्याला जाऊन चूक माझी होती हे तिच्या वडिलांना तिच्यासमोर सांगणार आहे. हे ठरले आहे, त्यात आता बदल नाही. तुम्हाला आधी लिहिले ते एवढ्याचसाठी, की तुम्ही आता ओरडणार नाही.