शकूला घेऊन भोपाळला जातो

ती. आप्पा,

तुम्ही फोपनारहून परत याल तेव्हा मी, मंदा आणि शकू दुपारच्या गाडीत बसलेलो असू. नवं राज्य होऊन भोपाळ राजधानी झाल्यावर ऑफिसने माझी तिकडे बदली केली. ती रद्द करायचा अर्ज मी लिहून ठेवला होता. आज सकाळी फाडला.

काल शकू पहिल्यांदा खळखळून हसली, माझ्याकडे बघून. तेवढ्यात तुम्ही ओसरीवर आलात आणि म्हणालात, "बापासमोर आपलं पोर मांडीवर घेतो, शरम नाही वाटत?" मी तिला घाईने सतरंजीवर ठेवलं. ती रडत राहिली आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. मला तुमचा राग आला, त्याहून जास्त माझा.

चार महिने स्वतःच्या मुलीला तुमच्यापासून चोरून मांडीवर घेतलं. आता पुरे.

तुमचं खोकल्याचं औषध कोनाड्यात आहे. आईवर चिडू नका, तिने आम्हाला अडवलं होतं. मी तिला विचारलं, आप्पांनी मला कधी घेतलं होतं का? ती म्हणाली, "तुझे आजोबा गावाला गेले की हे तुला दिवसभर खाली ठेवत नव्हते."

मग काल तुम्ही तसं कसं बोललात?

दिगंबर