गाडीतून उतरायचं की नाही

प्रिय आबा,

कालपासून दुसरं काही लिहून होत नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. काल कोरेगावच्या नाक्यावर मीराला पोलिसांनी अडवलं. तुमची लाडकी नात, तुमच्या वर्षश्राद्धाला अमेरिकेहून आलेली!

हवालदारानं हात केला. तिनं गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली. मी शेजारी. "अगं, उतर," म्हटलं. ती हलेना.

"काय मॅडम, उतरायला पालखी आनू?" हवालदार खिडकीशी आला. मीरा समोरच बघत होती. त्यानं काठी टपावर आपटली. "भैरी हायस का गं? उतर म्हनतोय न्हवं!"

तिची बोटं पांढरी पडली. आणि आबा, मला तुम्ही आठवलात.

अमेरिकेत सुधीरदादाकडे, मीराच्या घरी गेला होतात, तेव्हाही गाडी मीराच चालवत होती. तिथल्या पोलिसानं थांबवलं आणि तुम्ही काय केलंत? पोलिसासमोर बसून राहणं म्हणजे उर्मटपणा, असं मानणारे तुम्ही! दार उघडून उतरलात, रामराम केलात, आणि पोलीसखात्याचं निवृत्तीचं ओळखपत्र काढायला बंडीच्या आतल्या खिशात हात घातलात. त्यानं पिस्तूल रोखलं. "आबा, हात वर!" मीरा किंचाळली, म्हणून तुम्ही जिवंत परत आलात.

"त्येचाच हात कापत हुता गं," तुम्ही फोनवर म्हणालात. "लय तरनं पोरगं. मलाच भ्यालं. तिथं कुनाच्या खिशात काय असंल, नेम न्हाई. इंग्लंडात म्हनं पोलीस बिनबंदुकीचा फिरतोय."

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

तुम्ही फोन दादाच्या हातात दिलात! का, आबा? आपल्याकडे आधी कानाखाली आणि मग नाव-गाव, हे तुम्हीच हसत सांगायचात ना?

काल मीच उतरले. हात जोडले. "भाऊ, पोरगी परदेशातली आहे. तिकडे असं उतरलं तर गोळी घालतील. तिच्या आजोबांवर पिस्तूल रोखलेलं तिनं पाहिलंय. आजोबाही पोलीसच होते."

"उतरलं म्हनून गोळी?" तो बघतच राहिला. "मग मानसानं बोलायचं कसं?" मग खिडकीत वाकून म्हणाला, "उतर बाय. हितं गोळी न्हाई घालत कुनी."

मीरा पहिल्यांदा बोलली. "आधी ती काठी ठेवा."

त्यानं काठी काखेत मारली. मीरा हलली नाही. शेवटी त्यानं ती नाक्याच्या कठड्याला टेकवली. मगच मीरा उतरली. कागद बघून त्यानं आम्हाला सोडलं.

घरी आल्यावर तिला दाराआडची तुमची पोलिसातली काठी दिसली. "आत्या, आबांनी हिनं कुणाला मारलं होतं?"

मी चहा टाकायला उठून गेले.

आज संध्याकाळी तिला सांगणार आहे. तुम्ही मारायचात, हे सांगेन. ठाण्यातली ओरड आमच्या कानावर पडू नये म्हणून आई क्वार्टरमध्ये रेडिओ मोठा करायची, हेही. आणि त्या पोराच्या कापणाऱ्या हाताबद्दल सांगताना तुमचा आवाज कापत होता, हेही. यातलं काहीच गाळणार नाही, आबा. वचन देते.

तुमचीच,
सुमन