पहिल्या दिवशी सुई नको

मिआवली,
२० जानेवारी १९८७

सौ. विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

सोबत सुकवलेल्या मुळ्याची बरणी आणि एक डबी धाडते आहे. बरणी तुमची, डबी श्यू-युनची. डबीत कागदाच्या पट्ट्या आहेत. तिला उलट्या झाल्या, सारखी तहान लागली, की एक पट्टी लघवीत बुडवायची. जांभळी झाली तर तडक हॉस्पिटल गाठायचं. आणि जेवण गेलं नाही तरी इन्सुलिनची सुई चुकवायची नाही. तिचा मधुमेह लग्नाआधीच सांगितला होता. पुन्हा सांगते म्हणून रागावू नका. सासूपुढे असलं बोलायला ती लाजते.

तुमचा लोभ आहेच, त्यातला थोडा तिच्या वाट्याला येऊ द्या.

आपली,
पेंग ल्येन-मेई

लूगांग,
चांद्र नववर्षाचा पहिला दिवस, २९ जानेवारी

सौ. विहीणबाई,
स. न. वि. वि.

मुळा मिळाला. मीठ जरा सढळ हाताने पडलंय, पण आम्ही खाल्ला.

आता गोड बातमी! सूनबाईला कालपासून उलट्या होताहेत. तांब्यावर तांब्या पाणी पिते, बसल्या जागी धापा टाकते. तुम्हा दोन लेकरांच्या आईला आणखी काय सांगायचं? पण बाईसाहेबांना आज तुमची पट्टी हवी, सुई हवी! वर्षाच्या पहिल्याच दिवशी औषध घेतलं तर वर्षभर घरात आजारपण, एवढं तरी माहेरी शिकवायचंत. सगळं कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला आहे. त्यावर रडली. हंग-यीने तोंड उघडलं, तर त्याला म्हटलं, बायकोच्या लघवीत डोकावणार आहेस की देवाला उदबत्ती लावणार आहेस? गेला उदबत्ती लावायला.

उद्या रीतीप्रमाणे सूनबाई माहेरी येतेच आहे, तेव्हा पत्र हंग-यीच्याच हाती देते. आंबट आलुबुखार खाऊ घाला. पण पाचव्या दिवशी दुकान उघडतं, तेव्हा परत धाडा.

लोभ वाढवा, लाड मात्र आवरते घ्या.

शी आ-च्यू

मिआवली,
नववर्षाचा पाचवा दिवस, २ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र हंग-यीने दारातच दिलं. लेकीचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. तिच्या श्वासाला पिकलेल्या फळाचा वास येत होता. तिने मला ओळखलं नाही.

हॉस्पिटलात पट्टी काळीजांभळी झाली. डॉक्टर म्हणाले, काल सकाळी ही पाहिली असती आणि सुई दिली असती, तर वाचली असती. वर्षाच्या तिसऱ्या दिवशी गेली. पोटात मूल नव्हतं. तुम्हाला कळवायचं म्हणून तेही मुद्दाम विचारून घेतलं.

दिलेली लेक तुमची. माझ्या घरच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात तिला जागा नाही. आज पाचवा दिवस. तुम्ही लिहिल्याप्रमाणे हंग-यीबरोबर परत धाडते आहे. थंड देह उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, एवढं मला माहेरी शिकवलंय. दुकानाबाहेर अंत्यविधीचा मांडव घाला.

कपाट मात्र आता उघडा. डबी आणि सुया तिच्या नावाने जाळा, म्हणजे तिला पोचतील. तिकडे तिला रोज लागतील.

लोभाचं काही लिहवत नाही.

पेंग ल्येन-मेई