मिस्त्रींचं कोरडं घमेलं

एप्रिल, बुधवार

डोंगरात फिरवायच्या सायकलची फ्रेम, शॉकर, ब्रेक सगळं ठरलं होतं. आठवडाभर टायरवर अडलो होतो. ट्यूबलेस की साधे? दौलताबादच्या वाटेला बाभळीचे काटे लई. आज सायकल दुरुस्तीवाल्या रफिक मिस्त्रींनीच निकाल लावला.

"ट्यूबलेस घ्या. काटा घुसला तरी आतल्या द्रवानं भोक आपोआप बुजतं. साध्या ट्यूबचं पंक्चर शोधायला घमेलंभर पाणी लागतं. या नव्या वसाहतीत आठ-आठ दिवस नळ येत नाय."

घमेलं खरंच कोरडं होतं. त्यात मांजर झोपलं होतं.

"मग तुमचं पंक्चरचं काम?"

घमेल्याकडं बघत हसले. "पाऊस पडल्यावर बघू."

स्वतःच्या पोटावर पाय देऊन सल्ला देणारा माणूस. पुढचं चाक ट्यूबलेस केलं. मागच्याला मात्र साधी ट्यूबच टाकायला सांगितली.

काटे मागच्याच चाकात जास्त घुसतात, ठाऊक आहे मला.