आधी तपासून बघ

कमलनगर, मंगळवार, संध्याकाळ

गाडी झटके देत होती म्हणून सकाळी आम्ही दोघं उदगीरच्या गॅरेजात गेलो. मिस्त्री म्हणाला, "कॉइल गेलीय अण्णा, बदलून टाकतो."

हे तडकले. "न तपासता कामून बदलायलास? आधी जागा बदलून बघ."

त्यानं ती कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावली. बिघाडही तिच्याबरोबर तिकडे गेला. दोष तिचाच निघाला. मग नवी कॉइल बसली, चारही प्लग नवे आले.

येताना गाडी गुळगुळीत चालली. हे खूश. "न तपासता कुणाला दोष देऊ न्हाई."

कुणाला? मला मूल होत नव्हतं तेव्हा लातूरपर्यंतचे डॉक्टर झाले. सगळे म्हणाले, बाईत काही दोष नाही, नवऱ्याला घेऊन या. मी यांना एकदाच म्हटलं. "मला काय धाड भरलीय?" हे माझ्यावरच खेकसले. सासूबाई मरेपर्यंत मला वांझ म्हणत राहिल्या, आणि हे शेजारी बसून जेवत राहिले.

एका कॉइलला मात्र केवढा न्याय!

आता ओसरीवर शेजाऱ्यांना तेच ऐकवणं चालू आहे. "न तपासता दोष देऊ न्हाई." चहासाठी दोनदा हाक आली. मला ऐकू आली नाही.